घरातली मध्यस्थ आणि अमेरिकेतला अर्ज

डिसेंबरच्या मुदती जवळ आल्या की या सदराच्या पत्त्यावर अर्जांचे निबंध येऊन पडतात. यंदा अमेरिकेतल्या मॅरेज अँड फॅमिली थेरपीच्या मास्टर्ससाठीचेही बरेच आहेत. लिहिणाऱ्या बहुतेक मुली. (मुलगे अजून संगणकातच अडकलेत.) एक वाक्य मात्र हमखास सापडतं: ‘आईबाबांची भांडणं लहानपणापासून मीच मिटवत आले, म्हणून हे क्षेत्र माझं.’

लिहिणारीला ही आपली पात्रता वाटते. वाचणारा प्राध्यापक तिथेच पेन्सिलीने खूण करतो. कारण या शास्त्रात मध्यस्थ भांडणाबाहेर धरलाच जात नाही. कुटुंब-थेरपीचे एक आद्य सिद्धान्तकार मरे बोवेन यांनी त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांतला ताण झेपेनासा झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. ताण तेवढ्यापुरता हलका होतो आणि मूळ दोघांत काहीच बदलत नाही. ‘तुझ्या आईला जरा समजाव,’ बाबा म्हणतात. ‘त्यांना सांग, पान वाढलंय,’ स्वयंपाकघरातून उत्तर येतं. मुलगी निरोप्याचं काम करते, गुणाची ठरते, आणि तिच्या व्हिसाच्या तारखेच्या सुमारास आईचं बीपी वाढतं.

खुद्द बोवेन 1967 साली मानसोपचाराच्या एका परिषदेत उभे राहिले आणि सिद्धान्त सोडून आपल्याच आईवडील-भावंडांच्या गुंत्यातून आपण कसे बाहेर येऊ पाहतोय, ते सांगू लागले. पुढे तो मजकूर छापला गेला तेव्हा लेखकाचं नाव घातलं नव्हतं. गुरूची ही तऱ्हा, तर शिष्येला सूट कशी मिळेल? तेव्हा निबंधात घरच्या जखमा उघडून दाखवू नका, समितीला त्यांत रस नसतो. ती मध्यस्थी तुम्हाला काय देत होती आणि ती थांबवली तेव्हा घरात काय झालं, एवढं दोन परिच्छेदांत प्रामाणिकपणे लिहिता आलं तरी पुष्कळ.

प्रवेशानंतर लवकरच जिनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, काढायला लावतात, तीन पिढ्यांचा. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, वैराची नागमोडी, आणि एका घरात राहणाऱ्यांभोवती तुटक रेघेचं कडं. आपली मुलगी इथे अडते. आजी चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे; तिला कुठल्या कड्यात घालायचं? लग्न होऊन कधीच गेलेली आत्या, जिच्या होकाराशिवाय गावची जमीन विकली जात नाही, तिची रेघ कुठली? माझ्या मते हे अडणं ही त्या वर्गातली आपली खरी कमाई. हे सिद्धान्त मुख्यतः अमेरिकी घरं पाहून रचले गेले. बोवेन यांची ‘स्व’ वेगळा राखण्याची कल्पना जवळिकीलाच उणीव ठरवते, असा आक्षेप तिथल्याच स्त्रीवादी थेरपिस्टांनी घेतलेला आहे. हा वाद चुलत्या-पुतण्यांच्या घरात वाढलेल्या मुलीनेही घालायला हवा.

आता पैशांचं आणि वेळेचं. परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. कॅलिफोर्नियात पदवीखेरीज देखरेखीखालच्या कामाचे 3,000 तास लागतात, तेही किमान 104 आठवड्यांत. काही तास पदवीआधी भरतात, सगळे नाहीत. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर कामाची मुभा साधारण 12 महिने. संगणकवाल्यांना मिळते ती वाढीव मुदत या शाखेला धरून चालू नका. परत यायचं तर इथे फॅमिली थेरपिस्ट नावाचा वेगळा परवाना नाही, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होते ती वेगळ्या अभ्यासक्रमांवर. माहितीपत्रकातल्या हिरवळीच्या फोटोखाली यातलं काही छापलेलं नसतं. शैक्षणिक कर्ज मात्र बाबांच्या फ्लॅटवर निघतं.

त्यामुळे निबंधाला हात घालण्याआधी विभागाला एक ईमेल करा. या शाखेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीओएएमएफटीई या संस्थेची मान्यता आहे का? विद्यापीठाच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये जोडपी आणि कुटुंबं खरोखर येतात, की एकेकटीच माणसं? मागच्या तुकड्यांतले परदेशी विद्यार्थी परवान्यापर्यंत पोचले का, आणि कुठल्या राज्यात? उत्तर गुळमुळीत आलं तर अर्जाची फी वाचवा.