टाकून दिलेली जहाजे हटवायची, पण खर्च कोणाच्या खात्यावर?

पावसाळ्यात नांगर तुटून जहाज किनाऱ्याला लागणे ही गोवा-कोकणाला नवी गोष्ट नाही. पहिले काही दिवस धावपळ होते, मंत्री येतात, पाहणी होते. नंतर कागद फिरू लागतात आणि जहाज जागेवरच राहते. कारण एकच: हटवायचा खर्च कोणी करायचा, हे आधी ठरलेलेच नसते.

सर्वांत महागडा धडा ‘रिव्हर प्रिन्सेस’चा. ६ जून २००० रोजी हे दोनशे मीटरहून लांब जहाज कांदोळी-सिकेरी किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. मालक परदेशी नव्हता की अज्ञात नव्हता. कंपनी गोव्यातलीच होती. तरीही ते हटायला जवळपास १२ वर्षे गेली. मालकाशी वाद, कायद्यात दुरुस्ती करून जहाजाचा ताबा, मग निविदा आणि कंत्राटदार बदलणे. तोवर जहाज वाळूत आणखी खोल गेले आणि काम अवघड होत गेले. किनाऱ्याची धूप वाढल्याची गावकऱ्यांची ओरड वेगळीच.

त्यानंतरही चित्र फारसे बदलले नाही. जुलै २०१७ मध्ये मिरामारला कॅसिनोचे जहाज रुतले. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था भरलेले ‘नू शी नलिनी’ खलाशांविना वाहत दोना पावलाजवळ खडकांवर येऊन अडकले. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० रोजी, ‘बसरा स्टार’ रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला लागले आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिले.

कायदा आहे, पैसा नाही

मालकानेच खर्च द्यावा, हे कायदा पूर्वीपासून सांगतो. १९०८ च्या बंदर कायद्यात वाहतुकीला अडथळा ठरणारे जहाज बंदर अधिकाऱ्याने हटवावे आणि खर्च वसूल करावा, अशी सोय होती. २०२५ मध्ये संसदेने बंदरे आणि व्यापारी नौवहन या दोन्ही विषयांवर नवे कायदे केले. भग्न जहाजे हटवण्याबाबतच्या नैरोबी आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील आहे. त्यानुसार ३०० टन आणि त्यावरील जहाजांना या खर्चाचा विमा सक्तीचा आहे.

मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे हत्यार चालते. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ कोचीजवळ बुडाले, तेव्हा केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचे दुसरे जहाज उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडकवून ठेवले गेले. पण कर्जबाजारी बार्जमालकाचे काय अडकवणार? ट्रॉलर मोडून घरी बसलेल्या मच्छीमाराकडून काय वसूल करणार? ‘वसुली करू’ हे वाक्य फायलीत शोभते. क्रेनवाल्याला मात्र रोख लागते.

गोव्यात २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा मांडवी-जुवारीतल्या बार्ज बसून राहिल्या. लोखंडाला भाव असेपर्यंत भंगारवाला येतो. गंज चढला, तळ फुटला, गाळ भरला की बाहेर काढायचा खर्च भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि त्या दिवशी मालकाचा रस संपतो. फायबरच्या होडीची गत त्याहून वाईट. लाकडी होडीचे निदान सरपण तरी होते. फायबरला भंगारातही कोणी विचारत नाही. वहीत घसारा लावून होडीची किंमत शून्यावर येते, पण होडी पाण्यातच असते.

यातली विसंगती सरळ आहे. होडी घ्यायला, इंजिनाला, डिझेलला सरकारी मदत मिळते. तीच होडी मोडायला कोणत्याही योजनेत पैसा नाही.

निधी कुठून येईल?

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात राज्यांना विकास निधी उभारण्याची मुभा आहे. मालक न सापडणारी भग्न जहाजे हटवणे हाही त्या निधीचा एक उद्देश आहे. म्हणजे नदीतल्या बार्जपुरता रस्ता कायद्यानेच दाखवला आहे. समुद्रात जाणाऱ्या मासेमारी होड्या मात्र त्याबाहेर राहतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने, म्हणजे सिॲटल शहर आहे त्या राज्याने, २००२ मध्ये यासाठी कायदा केला. नोंदणी शुल्कातला थोडा भाग वेगळ्या खात्यात जातो. स्थानिक बंदराने टाकून दिलेली बोट हटवली की ९० टक्क्यांपर्यंत खर्च राज्य देते. शिवाय ज्याला बोट झेपत नाही त्याने ती बुडण्याआधीच आणून द्यावी, अशीही सोय आहे. तरंगती बोट ओढून नेणे स्वस्त, बुडालेली काढणे महाग, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आक्षेप दोन येतील. पहिला, मच्छीमारावर आणखी एक भुर्दंड. त्यावर उपाय म्हणजे लांबी आणि वापर पाहून शुल्क: छोटी होडी माफ, ट्रॉलरला थोडे, बार्ज आणि कॅसिनोला जास्त. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सरकार पैसे देतेय म्हटल्यावर लोक मुद्दाम होड्या सोडून देतील. म्हणून जुनी होडी मोडल्याचा दाखला नसेल तर नवी नोंदणी नाही, नवे अनुदान नाही, ही अट आधी हवी.

तिसरी अडचण सीमेची. मालवणची नोंदणी असलेली होडी वाऱ्याने तेरेखोल ओलांडते, कारवारची पोळेच्या बाजूला लागते. नोंदवह्या तीन राज्यांच्या, समुद्र एकच. बेळगावच्या बाजारात येणारी मासळी याच तिन्ही किनाऱ्यांवरची, त्यामुळे जेटीवरची जागा अडली की झळ घाटावरही पोचते.

सुरुवात करायला फार पैसा लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत बंदर कप्तान खाते आणि मत्स्य खात्याने जेटीनिहाय मोजणी केली, तर ऑगस्टमध्ये जी हलत नाही ती टाकून दिलेली, हे आपोआप कळेल. यादी तयार असेल तर अर्थसंकल्पात किती तरतूद लागेल हेही सांगता येईल. यादीच नसेल तर पुढचे जहाज रुतेपर्यंत पुन्हा कागदच फिरत राहतील.