दरबाराची फीत उरली, रँग्लरची हरवली

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना महामार्गावर वडनेर भोलजी लागते. तेथील एका स्नेह्यांचे जुने घर गतवर्षी पाडावयाचे ठरले आणि माळ्यावरचे सामान अंगणात आले. त्यात एक गंजलेला पत्र्याचा डबा होता. झाकण काढताच शिरक्यासारखा उग्र दर्प आला. आत आठ मिलिमीटरची मूक फीत होती, बहुधा साठच्या दशकातील. घरातील तरुणाने तो डबा भंगाराच्या ढिगाकडे सरकविला होता. त्याला दोष कसा द्यावा? आपल्याकडे अशा फितींचे भवितव्य आरंभापासून हेच राहिले आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यात कथा नव्हती; येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, एवढेच. तरी लोक थक्क झाले. मुंबईतील एक छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे कुस्तीचा सामना चित्रित केला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर चौदा वर्षांनी आला, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

डिसेंबर १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले. कोकणातील मुर्डी गावचा हा मुलगा केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाला होता. हा मान मिळविणारा पहिला भारतीय. मुंबईत त्यांचे जे स्वागत झाले, ते सावेदादांनी टिपले. भारतीयाने घेतलेले हे पहिले वार्ताचित्र मानले जाते. (रँग्लरांच्या बुद्धिवादी मतांशी आपल्यापैकी अनेकांचे जमणार नाही, पण हा भाग निराळा.) आज ते वार्ताचित्र कोठेही पाहावयास मिळत नाही.

याउलट १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराची चित्रणे आजही पाहता येतात. सम्राट पंचम जॉर्ज, राणी मेरी, शामियाना, रांगेने येणारे संस्थानिक. साम्राज्याचा थाट जगाला दिसावा म्हणून इंग्रज कंपन्यांनी कॅमेरे लावले होते. पण कॅमेरा हा आज्ञाधारक नोकर नव्हे. त्याच चित्रणात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात, हाती छडी घेऊन येतात, एकदाच लवतात आणि पाठ फिरवून चालू लागतात. शिष्टाचार होता तीनदा लवण्याचा आणि काही पावले मागे सरत जाण्याचा. इंग्रजी वृत्तपत्रांत गदारोळ उठला, लंडनच्या पडद्यावर ते दृश्य दाखविले गेले आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र धाडावे लागले. ते हेतुपुरस्सर होते की गोंधळातून घडले, यावर आजही वाद आहे. पण वाद घालावयास तरी दृश्य शिल्लक आहे! राज्यकर्त्यांनी आपल्या गौरवासाठी जपलेल्या फितीत आमचा एक मराठी राजा आपली पाठ ठेवून गेला. आम्ही जपलेच नाही, तेव्हा रँग्लरांच्या स्वागतात नेमके कोण होते, त्यांच्या चेहऱ्यावर काय होते, हे कसे कळावे?

दरबाराकडे नाक मुरडण्याचेही कारण नाही. १९०३ चा कर्झनशाही दरबार स्वतः सावेदादांनी चित्रित केला होता. जेथे गर्दी, तेथे कॅमेरा. प्रश्न घेण्याचा नव्हता, ठेवण्याचा होता. जुनी नायट्रेटची फीत पेट घेणारी. शिवाय तिच्यातील चांदीसाठी ती विकली जाई. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, वॉटसन हॉटेलातील खेळानंतर अडुसष्ट वर्षांनी. तोवर मूकपटांचा युगान्त होऊन तीन दशके उलटली होती. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच लागलेल्या आगीत उरलेल्यांपैकीही बऱ्याच फिती भस्मसात झाल्या.

वडनेरच्या त्या डब्यातील फीत आम्ही उन्हाकडे धरून भिंगातून पाहिली. कोणा कीर्तनकार महाराजांच्या आगमनाची मिरवणूक असावी. बैलगाडी, पताका, फेटे. घरातील आजींनी भिंग हाती घेतले. दहा-बारा चौकटी सरकल्यावर त्या म्हणाल्या, “हे आमचे मामंजी. अन् ही डोक्यावर कळशी घेतलेली मीच की हो!” मग त्यांनी एकेक नाव सांगितले. अकरा नावे झाली. तरुणाने ती कागदावर उतरवून घेतली, कागद डब्यात ठेवला आणि डबा भंगारातून उचलून देवघराशेजारच्या थंड कोनाड्यात नेला.