रंगाच्या नावाखाली

मे-जूनमध्ये घरं रिकामी होतात आणि आमच्या टपालात डिपॉझिटची भांडणं येऊन पडतात. यंदा संताप यावा असं एकच : रंगकामासाठी सरसकट एका महिन्याचं भाडं कापण्याचं कलम कित्येक करारांत मालकानं नव्हे, आपल्याच एजंट बंधूंनी घातलेलं दिसतं. चार वर्षांपूर्वीचा रंग अकरा महिने राहिलेल्याच्या पैशानं नवा करायचा?

भिंत फिकी पडली, टँकरच्या पाण्यानं नळावर क्षार बसले, स्लायडिंगची चाकं झिजली, ही झीज. ती भाड्यातच आली. ड्रिल मारताना टाइलला तडा गेला, ते नुकसान. इथवर कुणाचंच दुमत नाही. घोळ होतो तो सिंकखालच्या ट्रॉलीपाशी. वॉशर झिजून पाणी गळलं तर झीज. पण महिनोन्‌महिने न कळवल्यामुळे प्लाय फुगला, तर भुर्दंड राहणाऱ्याला. कळवूनही मालकानं प्लंबर धाडला नाही, तर मालकाला. शिवाय प्लाय आठ वर्षं जुना असेल तर नव्या ट्रॉलीचं अख्खं बिल माथी मारता येत नाही. उरलेल्या आयुष्यापुरतंच मागा.

करार लेखी करून नोंदवला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. इतका कडक कायदा! नोंदणीला अंगठे, फोटो, आधार सगळं लागतं. आणि सामानाच्या यादीत काय? पंखे ४, ट्यूब ५, गीझर १. पंखा फिरतो का, हे लिहायला रकाना नाही. मजकुरात मात्र 'नॉर्मल वेअर अँड टेअर वगळून'. कशाच्या तुलनेत वगळायचं, साहेब?

नोंदणी खात्याला जाग येईल तेव्हा येईल. तुम्ही तरी नूतनीकरणाला जुनी यादी जशीच्या तशी चिकटवणं थांबवा. रंग कधी मारला ते साल लिहा, भिंती-फरशी-सिंकखालचे फोटो काढा, वीजमीटरचं रीडिंग घ्या, दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. आणि ब्रोकरेज घेताना वेळेवर हजर असता, तसे चावी परत घेतानाही हजर राहा. त्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्यांची पत्रंही आमच्याकडे आहेत.