जागेवर पाटी हवी

सोलापुरात ऐतिहासिक ठिकाणी माहितीच्या पाट्या लावाव्यात, असा विषय निघाला की ठरलेले उत्तर येते : चार हुतात्म्यांचा पुतळा आहे, चौकाला नाव आहे, दर 12 जानेवारीला हार पडतात, आणखी काय हवे? उत्तर बिनतोड वाटते, पण त्यात आदर आणि माहिती यांची गल्लत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी झाली ती येरवड्याच्या तुरुंगात. ज्या घटनांमुळे ती झाली त्या मात्र मे 1930 मध्ये सोलापुरात घडल्या. गांधीजींच्या अटकेने शहर खवळले होते. 8 मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडायला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण बळी गेला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, न्यायालयाला आग लागली. पुढचे काही दिवस इंग्रजी अंमल शहरातून जणू उठलाच, आणि 12 मेपासून 30 जूनपर्यंत मार्शल लॉ आला. हा सारा क्रम जागांना चिकटलेला आहे. एका चौकात एकवटलेला पुतळा तो सांगू शकत नाही, तशी त्याच्याकडून अपेक्षाही नसावी. गड्ड्याची यात्रा 12 जानेवारीच्याच आठवड्यात भरते. होम मैदानाकडे लोटणाऱ्या हजारो लोकांना चारही नावे पाठ असतील, पण चौकी कुठे होती हे त्यांतल्या कितीजणांना सांगता येईल?

दुसरा आक्षेप हुशार मंडळींचा. हातात मोबाइल असताना रस्त्यावर लोखंडी फलक कशाला? या म्हणण्यात एक गृहीत लपलेले आहे, की माणसाला काय शोधायचे ते आधीच ठाऊक असते. मोबाइल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. रस्त्यावरची पाटी मनात प्रश्न नसलेल्या वाटसरूलाही प्रश्न पाडते. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर फलक लावण्याची पद्धत 1860च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने 1927 पासून महामार्गांच्या कडेला मजकुराचे फलक उभारले. मोबाइल आल्यावर दोन्हीकडचे फलक कोणी उपटून टाकले नाहीत. लांब कशाला, पुण्यातही जुन्या घरांवरचे निळे फलक चालता चालता वाचता येतात. सोलापूरला ही रीत परकी म्हणावी तर जिल्ह्यातलाच दाखला आडवा येतो. भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथील शके 940चा, म्हणजे इ. स. 1018चा मराठी शिलालेख ‘हे वाचील तो विजयी होईल’ असे वाचणाऱ्याला आश्वासन देतो. वाटसरूने थांबून वाचावे ही अपेक्षा इथे हजार वर्षांची आहे.

खरा, वजनदार आक्षेप वेगळाच आहे : पाटीवर चूक कोरली गेली तर ती पक्की होते, आणि मजकूर ठरवणार कोण? हा धोका मान्यच करावा लागतो. आपल्याकडे इतिहास सांगताना ‘पहिला’ आणि ‘एकमेव’ हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. मार्शल लॉ लागलेले देशातले एकमेव शहर सोलापूर, हे वाक्य भाषणांतून सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. 1919 मध्ये पंजाबात आणि 1921 मध्ये मलबारात लष्करी कायदा लागला होताच. आद्य मराठी शिलालेखाचा मानही श्रवणबेळगोळ, अक्षी आणि कुडल यांच्यात फिरत राहिला आहे. पण यावरून पाटी नको असे निघत नाही. निघते ते एवढेच, की पाटीवर बढाई नको. ‘शके 940’ हे कोरा, ‘आद्य’ हे अभ्यासकांवर सोडा. 8 मे, 12 मे, 30 जून ही नुसती नोंद ‘एकमेव’पेक्षा अधिक बोलकी आहे. शिवाय चूक उघड्यावर असली की ती कोणीतरी दाखवून देतो. भाषणातली चूक टाळ्यांत विरते. मंगळवार पेठेतली पाटी तर प्रामाणिकच असावी लागेल. पोलीस मारले गेले, आणि त्या हत्येच्या आरोपावरून या चौघांना फाशी झाली, हे झाकून अहिंसक लढ्याचे गुळगुळीत चित्र रंगवायचे असेल तर पाटी न लावलेली बरी. गावकीच्या अभिमानाला असा मजकूर जरा टोचेल. टोचू द्यावा.

हीच कसोटी सोलापुरातल्या सेटलमेंट या वस्तीला लावावी. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या कुटुंबांना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. त्यांना हजेरी द्यावी लागे आणि त्यांतल्या अनेकांचे हात गिरण्यांत राबले. कायदा रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. वस्तीचे नाव अजून सेटलमेंटच आहे. इथे पाटी लावणे म्हणजे रहिवाशांच्या कपाळी जुना डाग पुन्हा लावणे, असे काही भल्या माणसांना वाटते. त्यांची काळजी खरी आहे, पण डाग माणसांवर नव्हता, कायद्यावर होता. आणि हे स्वच्छ लिहिले नाही तर वस्तीचे नाव ऐकणारा जुनाच अर्थ धरून बसतो. मजकूर मात्र तिथल्या लोकांना विचारूनच ठरावा. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसाठी, चीनमध्ये 1942 साली रुग्णसेवा करताना निवर्तलेल्या आपल्या सुपुत्रासाठी, शहराने स्मारक केले हे योग्यच झाले. पण गौरवाच्या जागा जपणे सोपे असते; खरी कसोटी सेटलमेंटसारख्या जागांची असते.

खर्चाचा मुद्दा फार चघळण्यासारखा नाही. एका पुतळ्याच्या चौथऱ्याच्या पैशात बऱ्याच पाट्या होतील. महापालिकेने मजकूर विद्यापीठाच्या आणि स्थानिक अभ्यासकांच्या समितीकडून तपासून घ्यावा, तो लावण्याआधी लोकांपुढे ठेवावा आणि दुरुस्तीची सोय राखावी. भाषा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, कारण हे शहर या चारही भाषांत बोलते. सुरुवात मंगळवार पेठेतून करावी आणि दुसरी पाटी सेटलमेंटमध्ये लावावी.