दहांपैकीं किती?

जुन्या तबकड्या घरच्या मंडळींनीं एकत्र बसून ऐकाव्या आणि प्रत्येक बाजू संपली कीं एकेकानें दहांपैकीं आपले गुण सांगावे, असा एक परिपाठ कांहीं घरांतून अलीकडे पडूं लागला आहे. हा प्रकार चांगला कीं वाईट, असें एका भगिनीनें आम्हांस विचारलें आहे. प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटीं घरांतील बरेंच राजकारण दडलेलें असतें, म्हणून या महिन्याचें पान आम्ही त्यासच देतों.

वडील मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो. गाण्याला गुण देणें म्हणजे नैवेद्य तागडींत घालणें होय, असें एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले. वाक्य चटकदार खरें. पण तेच गृहस्थ बैठकींतून उठतांना 'हा अमक्याच्या पासंगालाही पुरावयाचा नाहीं' असें म्हणावयास चुकत नाहींत. म्हणजे तागडी त्यांच्याही खिशांत असतेच; ते ती चारचौघांसमोर काढीत नाहींत, एवढेंच. आम्हांला तर ती उघड्यावर ठेवलेली बरी वाटते. 'वाहवा' म्हणावयास ऐकावें लागत नाहीं. शेजारच्यानें मान हलविली कीं आपलीही हलते. सात कां आणि आठ कां नाहीं, हें सांगावयाचें असलें म्हणजे मात्र माणूस सुपारीचा अडकित्ता खालीं ठेवतो.

प्रथम हें ठरविलें पाहिजे कीं गुण गवयाला द्यावयाचे कीं तबकडीला? १९०२ च्या नोव्हेंबरांत गेस्बर्ग साहेबांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. तेव्हांपासून पुढें सुमारें पन्नास वर्षें आपलें संगीत लाखेच्या तबकडींत मावेल तेवढेंच विकत मिळत असे. दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटें. बारा इंची असली तर चार-साडेचार. ज्याला बैठकींत षड्जावर स्थिर व्हावयास दहा मिनिटें लागत, त्यानें तेवढ्यांत अस्ताई, अंतरा आणि चार ताना उरकून मोकळें व्हावयाचें! १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन प्रचारांत आला. त्यापूर्वीं तर कर्ण्याशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे आणि तबला कोठें तरी भिंतीपलीकडे वाजत असल्यासारखा उमटे. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३४ ते १९३६ या काळांत ओडियन कंपनीनें घेतलेल्या तबकड्या एकापाठोपाठ लावून पाहाव्या. गळा एकाच माणसाचा. परंतु पहिल्यांत तिशींतल्या गवयाची धांव आहे आणि दुसऱ्यांत तेवढींच तीन मिनिटें असूनही घाई म्हणून कोठें नाहीं. दोघांना सारखेच गुण देणारा मनुष्य तबकडी ऐकत नसून लेबल वाचीत आहे, असें आम्ही समजतों.

लेबलाची ही बाधा थोडी नव्हे. म्हणून आमची सूचना अशी कीं, नांव न सांगतां तबकडी लावावी. दुसरें, यंत्राचा वेग पाहावा. ज्यांना आपण ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतों, त्यांपैकीं आरंभींच्या कित्येक त्या वेगावर घेतलेल्या नाहींत. वेग चुकला कीं गवयाचा स्वर वर चढतो आणि लय उगाच चपळ होते. मग त्या बिचाऱ्याचे दोन गुण आपल्या यंत्रामुळें जातात. सुई प्रत्येक बाजूस नवी असावी, हें तर जुन्या घरांतून लहान मुलांसही ठाऊक असे. आणखी एक गोष्ट विसरूं नये. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचें गाणें तबकडीवर मिळत नाहीं. ज्या परीक्षेला हे दोघे बसलेलेच नाहींत, तिच्या निकालावरून 'महाराष्ट्राचा सर्वश्रेष्ठ गवई' ठरविण्याचा खटाटोप कोणीं करूं नये. तबकड्यांना गुण द्यावे, पण ते तबकड्यांपुरतेच.

बुलढाणें जिल्ह्यांतील वाचकांस या खेळांत एक घरचीच अडचण येते. मराठी भावगीताच्या तबकड्यांचा ओघ जेथून सुरू झाला असें मानतात, ती 'शीळ' नांवाची कविता त्यांच्या मेहकरच्या कवीची. ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) जिल्ह्यांतीलच सेंदुरजनचे; वकिली त्यांनीं मेहकरास केली. तरुण जी. एन. जोशी यांनीं ही कविता चाल लावून गाइली आणि १९३२ च्या सुमारास तिची तबकडी निघाली. तोंवर घरोघर गाजत असत त्या नाटकांतील पदांच्या तबकड्या. नाटक नाहीं, पात्र नाहीं, नुसती एक कविता कोणी गावी आणि लोकांनीं ती विकत घ्यावी, ही गोष्ट नवी होती. 'शीळ' हा संग्रह छापून निघाला तो १९५४ मध्यें. म्हणजे या कवीला महाराष्ट्रानें आधीं कानानें ओळखलें, आणि पुस्तकरूपानें हातांत घेतलें तें वीसांहून अधिक वर्षांनंतर. अशा तबकडीला मेहकरच्या माणसानें किती गुण द्यावे? गांवचा अभिमान दहा देऊं म्हणतो, आणि गांवच्या माणसानें दिलेले दहा बाहेरचा कोणी मोजीत नाहीं.

गेल्या कार्तिकांत मेहकरासच एका परिचिताच्या घरीं हा प्रसंग आमच्यासमोर घडला. तीन भाऊ, एक गांवीं, एक नागपुरास, एक पुण्यास. जुना वाडा उतरवावयाचा ठरलेला, भांडीकुंडी वांटून झालेलीं, आणि माळ्यावरची तबकड्यांची पेटी तेवढी राहिलेली. नव्या घरांत तिला जागा नाहीं. तेव्हां थोरल्या भावानें, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, असा नियम केला कीं सर्वांनीं मिळून ऐकावें, गुणांची सरासरी काढावी, आणि पांचांच्या वर जी तबकडी जाणार नाहीं ती जुन्या बाजारांत द्यावी. नियम न्यायाचा दिसला. सर्वांनीं माना डोलविल्या.

खाँसाहेब सुटले, बालगंधर्व सुटले. 'शीळ' लागली तेव्हां अण्णांनीं चार गुण दिले. "राग शोधावयास जावें तर तो पळून जातो, आणि तान तर औषधालाही नाहीं," असें त्यांचें कारण. नागपूरकरांनीं पांच दिले, पुणेकरांनीं पांच, मुलांनीं चार-पांच. पेन्सिल सरासरीवर आली असतां धाकटी सून म्हणाली, "काकूआजींचे गुण राहिले."

काकूआजी म्हणजे या भावांची चुलती. वय ऐंशीच्या पुढें. त्यांना गुण विचारावे असें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. त्या म्हणाल्या, "मला राग कळत नाहीं रे अण्णा. पण गाणारानें एकही शब्द चावलेला नाहीं. मी लग्न होऊन या घरीं आलें तेव्हां हें यंत्र दिवाणखान्यांत असे. तुम्ही मंडळी तेथें बसून ऐकत होतां आणि ऐकतां ऐकतां बोलत होतां. आम्ही माजघरांत पोळ्या लाटीत असूं. आम्हांला बोलावयाची सोय नव्हती. मधला दरवाजा लोटलेला असे, तरी पहिल्या दिवशींच अख्खें गाणें मला पाठ झालें. दाराआडून ऐकूनही ज्याचा शब्दन् शब्द पोंचतो, त्याला मी नऊ देतें. एक कापला, सुई जुनी लावली होती तुम्हीं."

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. कर्ण्याची खरखर मात्र चालू होती. बाजू संपल्यावर सुई उचलण्याचें भान कोणाला राहिलें नव्हतें.

आमच्या मतें त्या संध्याकाळीं खरी परीक्षा काकूंनींच केली. त्यांनीं 'आमच्या वेळची' म्हणून गुण दिले नाहींत, मेहकरच्या कवीची म्हणूनही दिले नाहींत. तबकडींत जें आहे त्यावर बोट ठेविलें. भावगीताचा जीव शब्दांत असतो. त्याला तानेच्या मापानें मोजणें म्हणजे रेशीम पायलीनें मोजण्यासारखें आहे. अण्णांचा कान तयार आहे यांत संशय नाहीं. पण तयार कानालाही एकच माप वापरण्याची खोड जडते. काकूंचा कान कोणीं तयार केला नव्हता. तो आपोआप तयार झाला, दाराआड. आमच्या किती घरांतून असे कान असतील आणि त्यांना कोणीं गुण विचारले नसतील, हें आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

परंतु काकूंचे नऊ मिळवूनही सरासरी पांचाच्या जेमतेम वर गेली. अण्णांनीं एक कमी दिला असता तर तबकडी बाजारांत जाती. येथें आमचें खरें भांडण आहे, आणि तें अण्णांशीं नसून सरासरीशीं आहे. जिला सर्वांनीं सहा-सहा दिले ती तबकडी कोणालाच विशेष आवडलेली नसते. कोणाला खटकलेली नसते, एवढेंच. जिला एकानें नऊ आणि बाकीच्यांनीं चार दिले तिच्यांत कांहीं तरी आहे, आणि तें एकाच्याच कानावर पडलें आहे. अशा वेळीं बेरीज करावयाची नसते, त्या एकाला 'कां?' म्हणून विचारावयाचें असतें.

याचें एक मोठें उदाहरण आहे. अमेरिकेनें १९७७ मध्यें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं, तेव्हां पृथ्वीवरचें संगीत त्यांच्याबरोबर एका सोनेरी तबकडीवर पाठवावयाचें ठरलें. कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी बसून ऐकत होते व निवडीत होते. साऱ्या जगांतून सत्तावीस रचना घ्यावयाच्या होत्या. तेव्हां रॉबर्ट ब्राऊन या संगीत-पंडितांनीं आपल्या यादीच्या शिरोभागीं केसरबाई केरकर यांची एक भैरवी ठेविली. तबकडी बाजारांतून नाहींशी झालेली. शोध घेतां घेतां ती न्यूयॉर्कमध्यें एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत मिळाली. गोमंतकांतील केरीच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी भारताच्या वतीनें एकटीच आतां सूर्यमालेच्या पलीकडे चालली आहे. दुसरें यान सुटल्यावर अकराच दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई वारल्या. तेथें मतें मोजलीं असतीं तर काय झालें असतें कोण जाणे. जाणत्या एका माणसानें हट्ट धरला आणि बाकीच्यांनीं त्याचें कारण ऐकून घेतलें, म्हणून हें झालें.

मेहकरच्या घरीं मग नियम बदलला. कोणी एकानें जरी नऊ वा अधिक गुण दिले आणि तबकडींतूनच त्याचें कारण दाखविलें, तर ती ठेवावयाची. नागपूरकरांनीं ताबडतोब एका विनोदी संवादाच्या तबकडीला दहा दिले. कारण, ती ऐकून वडील पोट धरधरून हंसत. ही तबकडी राहिली नाहीं, आणि तें आम्हांस योग्य वाटलें. वडिलांचें हंसें त्यांच्या आठवणींत आहे, तबकडींत नाहीं; तबकडींतील नट तर फारसे हंसूं येईल असें कांहीं बोलतही नाहींत.

मुलांनीं दहा दिले ते १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या लाँग-प्ले तबकडीला. संतूर, बांसरी आणि गिटार यांनीं मिळून काश्मिरांतील एका मेंढपाळाचा दिवस रंगविलेला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा हे त्याचे वादक. अण्णा म्हणाले, "हें गाणें नव्हे, देखावा आहे." त्यावर थोरल्या नातवानें वेष्टण उलटून पाहिलें व निर्माता म्हणून कोणाचें नांव आहे तें मोठ्यानें वाचलें: जी. एन. जोशी. 'शीळ' गाणारे तेच हे. १९३८ मध्यें ते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनींत ध्वनिमुद्रणाच्या कामावर गेले आणि पुढें तीसएक वर्षें दुसऱ्यांचें गाणें-वाजविणें तबकडीवर उतरवीत राहिले. घरांत कोणालाच हें ठाऊक नव्हतें. अण्णांनीं आपले गुण बदलले नाहींत. तें बरेंच केलें. नांव कळल्यावर गुण वाढविणें हा कांहीं न्याय नव्हे.

आमच्या भगिनीनें आणखी एक विचारलें आहे: ऐकावयास घरीं यंत्रच नसेल तर काय करावें? मोबाइलवर पुष्कळ जुनें गाणें मिळतें, त्यावर भागतें. फक्त एकेकानें कानांत गोळे घालून न ऐकतां मध्यें ठेवून ऐकावें. ज्यांना पुढें जावयाचें असेल त्यांनीं मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या मंडळाची माहिती करून घ्यावी. १९९० मध्यें स्थापन झालेल्या या मंडळानें जुन्या तबकड्यांच्या श्रवणसभा भरविल्या आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकांतून त्यांची कुळकथा छापली. पेटी जुन्या बाजारांत नेण्यापूर्वीं निदान अशा जाणत्या संग्राहकाला एकदां दाखवावी.

मेहकरची पेटी अखेर निम्मी झाली. राहिलेल्या तबकड्यांचें गाणें नातवानें मोबाइलमध्यें उतरवून तिन्ही घरीं दिलें. 'शीळ' काकूंच्या कपाटांत आहे. केसरबाईंची तबकडी मात्र अद्याप मेहकरासच एका पलंगाखालीं पडून आहे. तिला अण्णांनींही दहा गुण दिले आहेत आणि पुणेकरांनींही.