जुनी जीप आणि नवी मुंबई

स्वतंत्र भारतात 'घोटाळा' म्हणून जे प्रकरण प्रथम देशभर गाजले, ते जुन्या जीपगाड्यांच्या खरेदीचे होते. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी सुमारे ऐंशी लाख रुपयांचा व्यवहार केला. वापरलेल्या गाड्या दुरुस्त करून, नव्याच्या तोडीच्या करून पाठवल्या जातील असा वायदा होता. प्रत्यक्षात १५५ गाड्या बंदरात उतरल्या आणि त्याही सैन्याच्या कामाच्या नाहीत असे निष्पन्न झाले. पुढे १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी हे प्रकरण संपल्याचे जाहीर केले. जनतेच्या दृष्टीने ते संपले की नाही, हा प्रश्न निराळा. पदरी अधिकारी, हिशेबनीस आणि कायदेपंडित असलेल्या सरकारला जुनी जीप पारखता आली नाही. मग खारघरच्या वा नेरूळच्या एखाद्या नोकरदार कुटुंबाला ती परवाच्या रविवारी पारखता यावी, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

कारण असे कुटुंब आज नवी मुंबईत दुर्मिळ राहिलेले नाही. नवरा-बायको दोघेही कमावती, घराचे हप्ते चालू, मुले शाळेत. आणि पावसाळा सुरू झाला की माळशेजच्या घाटात किंवा कोकणच्या एखाद्या कच्च्या वाटेवर मुलांना घेऊन जावे, असा ध्यास. नवी चारचाकी 'फोर-व्हील' परवडत नाही, म्हणून जुनी शोधायची. १९८५ साली बाजारात आलेली आणि अलीकडे बंद झालेली मारुती जिप्सी, २०१० नंतरची पहिल्या पिढीची थार, किंवा त्याही आधीची महिंद्राची ५४० जीप, या गाड्या अशा घरांच्या बोलण्यात येतात. गाडी घ्यायची, दोन-चार महिने ती गॅरेजमध्ये उघडून ठेवायची, हळूहळू नीट करायची आणि मग निघायचे.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींना हा सुखवस्तूंचा छंद वाटेल आणि त्यावर पक्षाच्या पत्राने जागा खर्ची का घालावी, असेही ते विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण घाईचा आहे. मोटार ही चैन आहे एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. नवी गाडी सात वर्षांच्या कर्जावर घेणाऱ्यापेक्षा जुने यंत्र विकत घेऊन ते जगवणारा माणूस समाजाच्या संपत्तीचा अपव्यय कमी करतो. जे पोलाद एकदा वितळवून झाले आहे, ते आणखी दहा वर्षे कामास लावण्यात अर्थशास्त्राच्या दृष्टीने काहीच गैर नाही. गैर आहे ते, या व्यवहाराभोवती राज्यसंस्थेने उभी केलेली रचना.

प्रथम बाजार पाहू. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे साधे होते: विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचीच किंमत देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक त्या किमतीस विकण्यास राजी होत नाही, आणि बाजारात हळूहळू वाईटच गाड्या उरतात. बाजार आपोआप शहाणपणाने वागतो, या श्रद्धेला खुद्द भांडवलशाही देशाच्या विद्यापीठातून मिळालेला हा तडाखा होता. ज्याला त्याची प्रचीती घ्यायची असेल, त्याने एखाद्या दलालाच्या अंगणात उभी असलेली, नुकताच काळा रंग मारलेली जीप पाहावी. रंगाखाली चॅसी गंजलेली आहे की नाही, पुढचा धुरा कधी वाकून सरळ केला आहे काय, पुढची चाके जोडणारा गिअर खरोखर पडतो की दांडा नुसताच हलतो, हे रंग सांगत नाही. मीटरवरचे किलोमीटर तर मुळीच सांगत नाहीत. डोंगरात वापरलेल्या गाडीचे पाटे, गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल यांवरूनच तिचा इतिहास वाचावा लागतो, आणि तो वाचणारा मिस्त्री सोबत नसेल तर घेणारा आंधळाच.

कागदांचेही तसेच. नोंदणी पुस्तकावर नाव बदलले नाही तर गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच कायदा मालक समजतो आणि अपघाताची जबाबदारीही त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा एकदा स्पष्ट केले. तरीही नमुना २९ आणि ३० वर सही करून गाडी वर्षभर तशीच फिरवणारे विक्रेते आणि खरेदीदार जागोजागी आढळतात. ही निव्वळ निष्काळजी आहे. तीत बाजाराला दोष देण्याचे कारण नाही.

आता करांकडे वळू, कारण सरकारचा कल तेथे उघड दिसतो. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेरला झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत जुन्या लहान गाड्यांच्या व्यापारावरील कर १२ टक्क्यांवरून १८ वर नेण्यात आला. हा कर व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो आणि दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारास लागू होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अवघ्या नऊ महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, नव्या लहान मोटारींवरील २८ टक्के कर आणि त्यावरचा उपकर काढून १८ टक्के करण्यात आला. मोठ्या एसयूव्ही गाड्यांवर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा भार ४० वर आला. नवे घेणाऱ्यास सवलत मिळाली; जुने जपणाऱ्याच्या वाट्यास काय आले? पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपये होते. ते २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते दहा हजारांवर नेण्यात आले. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळाच.

यावर धुराचे उत्तर दिले जाते, आणि ते टाळता येणार नाही. २०२० च्या एप्रिलपूर्वीचे डिझेल इंजिन नव्या इंजिनापेक्षा अधिक काजळी ओकते. काही जुन्या महिंद्रा जीपचे इंजिन तर कंपनीच्या ट्रॅक्टरच्याच कुळातले. चढावर ते मागे काय सोडते हे कोणालाही दिसते. ज्या शहराने तळोजा आणि तुर्भ्याच्या कारखानदारीची हवा वर्षानुवर्षे श्वासात घेतली, त्याने याकडे दुर्लक्ष करावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु धुराचे मोजमाप नळीच्या तोंडाशी करावे, जन्मतारखेवरून करू नये. दिल्लीत २०१५ साली हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि परिणाम असा झाला की त्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन स्वस्तात इतर राज्यांत निघाल्या. पुढे या आदेशांत फेरबदल होत गेले. राजधानीची हवा जिल्ह्यांकडे ढकलणे, यापलीकडे या धोरणातून काय साधले? नवी मुंबईत दिल्लीच्या क्रमांकाची जीप स्वस्त का मिळते, याचे कारण येथे आहे.

या साऱ्यात ज्याचा उल्लेख कोणीच करीत नाही, तो माणूस म्हणजे गाडी उभी करणारा कामगार. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून येतात, पत्र्याचे काम तुर्भे किंवा कळंबोलीच्या एखाद्या शेडमध्ये होते. डेंटर, पेंटर, वायरमन, पंपाचे काम जाणणारा आणि इंजिन उघडणारा, अशी चार-पाच माणसे आणि त्यांच्या हाताखाली पाना देणारा पोऱ्या. मालक कुटुंब ज्याला 'आमचा छंद' म्हणते, ते या माणसांचे रोजचे बारा तास असतात. रंगाच्या फवाऱ्याजवळ तोंडाला रुमाल बांधून उभा राहणारा पेंटर फुप्फुसांचे काय मोल घेतो, याचा आकडा कोणत्याही बिलात नसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागांना बहुतेक तरतुदींतून वगळले, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. म्हणजे नवी मुंबईतील बहुतेक गॅरेजे कायद्याच्या बाहेर, आणि तीही 'उद्योगस्नेही' धोरणाच्या नावाने! पोऱ्या चौदा वर्षांखालचा असेल तर बालमजुरीचा कायदा आहे. पण तो पाहणारा निरीक्षक कोठे आहे?

उलट गाडीच्या बाबतीत कायदा बारकाईने बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा काटेकोर अर्थ लावला. पुढे लावायच्या जाडजूड लोखंडी कठड्यास २०१७ पासून मनाई आहे, आणि ती योग्यच आहे: ज्याला त्या कठड्याची धडक बसते तो पादचारी असतो. तेव्हा साहसाच्या हौसेने उंच चाके आणि कठडे चढवणाऱ्यांनी ते पैसे ब्रेक, पाटे आणि पट्ट्यांवर घालावेत. मागच्या हौद्यात आडव्या बाकांवर बसलेल्या मुलांना पट्टा नसतो, हे निघण्यापूर्वी पाहिले जात नाही. घाटात वळणावर ते लक्षात येते.

आणि निघायचे कोठे? किनाऱ्यावर गाडी घालून ती भरतीत रुतल्याच्या बातम्या दर सुटीत रायगडातून येतात. ट्रॅक्टर बोलावला जातो, गावकरी दोरखंड बांधतात, कोणीतरी चित्रफीत काढते. ज्याला साहस म्हणायचे, ते दुसऱ्याच्या मासे वाळवण्याच्या जागेवर होत असते. माथेरानला मोटारीस प्रवेश नाही, म्हणून तेथील डोंगर अजून डोंगर आहे.

पनवेलच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील चौक गावाजवळ इर्शाळगड आहे. शहरातली कुटुंबे तेथे हौसेने चढतात. गडाच्या पोटाशी इर्शाळवाडी नावाची आदिवासी वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोध थांबवण्यात आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. खोदकामाची यंत्रे वर नेता आली नाहीत. फावडी आणि घमेली घेऊन माणसे पावसात पायी चढली, आणि त्या चढावर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी हृदयविकाराने मरण पावला. खालच्या रस्त्यावरून दर रविवारी चारही चाकांना जोर असलेल्या किती गाड्या जात असतील? त्या घेणाऱ्या कुटुंबांचा यात दोष नाही. परंतु रस्ता नसणे ही एकाची मौज आणि दुसऱ्याचे मरण आहे, हे त्या डोंगराखाली उभे राहिल्यावर नाकारता येत नाही.

नवी मुंबईची गोष्ट या संदर्भात विशेष आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात या शहराची कल्पना मांडली, तेव्हा सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गावर वस्त्या गुंफण्याचा विचार तिच्या गाभ्याशी होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली गेली, आणि त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासईला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण गोळीबारात मेले. लोकल वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली २०२३ च्या नोव्हेंबरात. एवढा काळ शहर मोटारीवर वाढले, आणि मोटारीची सवय एकदा लागली की ती सुटीच्या दिवशीही सुटत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात जुन्या जीपला आणखी एक जन्म आहे. एस.टी. येत नाही तेथे चौदा माणसे कोंबून जाणारे वडाप. २०२१-२२ च्या दीर्घ एस.टी. संपात अनेक वाड्यांना तेवढाच आधार उरला होता. एकाच यंत्राचे हे दोन उपयोग शेजारी ठेवून पाहिले तर पक्षाच्या पनवेल आणि वाशी येथील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम दिसेल. पनवेल आगारातून शनिवारी संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याच्या गावांना मुक्कामी गाडी सोडावी, रविवारी परत आणावी. वाडीतल्या माणसाला सोमवारच्या बाजाराआधी गावात पोहोचता येईल, आणि ज्या घराला मुलांना घेऊन सह्याद्री पाहायचा आहे त्याला त्यासाठी गाडी विकत घेणे भाग पडणार नाही. ज्याला तरीही जुनी जीप हवी असेल त्याने ती अवश्य घ्यावी, आणि मिस्त्रीचे पैसे वेळेवर द्यावेत.