लॉक स्क्रीनवरचं वचन

माझ्या धाकट्या भावाच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर बायबलमधलं एक वचन होतं. करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय, तेरावं वचन. चर्चमध्ये वाढलेल्या जवळपास प्रत्येकाला ते पाठ असतं. मतितार्थ असा, की तुमच्या ताकदीबाहेरची परीक्षा देव तुमच्यावर येऊ देणार नाही, आणि आलीच तर त्यातून निघायची वाटही ठेवील. मागे समुद्र, समुद्रावर सूर्योदय, त्यावर इंग्रजी अक्षरं. त्या सूर्योदयावरून अंगठा फिरवून तो रोज रात्री रमीच्या अ‍ॅपमध्ये शिरायचा. आम्हाला कळलं तोवर एक लाख चाळीस हजार गेले होते. त्यातले निम्मे मित्रांकडून आणि कर्ज देणाऱ्या दुसऱ्या एका अ‍ॅपकडून उचललेले.

पप्पा दोन दिवस गप्प होते. तरुण संघाच्या ब्रदरनी मात्र लगेच औषध पाठवलं. मोहावर विजय मिळवून देणारी एकवीस वचनं, व्हॉट्सअ‍ॅपवर, एकाखाली एक. रोज तीन, जेवणानंतर, एवढंच लिहायचं बाकी होतं. भावाने ती वाचली आणि मला म्हणाला, "ताई, मी वचन रोज म्हणतच होतो गं. खेळायला बसायच्या आधीसुद्धा म्हणायचो. तरी सुटलं नाही. म्हणजे माझा विश्वासच खोटा असणार."

माझं भांडण या वाक्याशी आहे, आणि ते त्याच्या तोंडी आणून ठेवणाऱ्यांशी. बायबलशी नाही. उलट बायबलच्या बाजूनेच मी भांडायला उभी आहे.

आपण ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांच्या दारावरच्या लिंबू-मिरचीला हसतो. मनगटातला गंडा दिसला की लगेच साक्ष द्यायची संधी शोधतो. आणि स्वतः काय करतो? एक वचन त्याच्या अध्यायातून कापून काढतो, त्याला सूर्योदय चिकटवतो आणि गळ्यात बांधतो. ताईत झाला की नाही? ताईताचा नियम साधा असतो. गुण आला तर ताईताचा, नाही आला तर बांधणाऱ्याची श्रद्धा कच्ची. माझ्या भावाने तोच नियम स्वतःला लावला. तो त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवला नव्हता, तो आपल्या मंडळीत हवेतच आहे.

ताईतवाल्यांचा आवडता दाखला म्हणजे मत्तयाचा चौथा अध्याय. येशू रानात चाळीस दिवस उपाशी आहे, सैतान तीन वेळा येतो, येशू तिन्ही वेळा शास्त्रातून उत्तर देतो. म्हणून तरुणांनो, वचन पाठ करा. हा संदेश मी संडे स्कूलपासून किमान वीसदा ऐकलाय. त्यातलं एक मात्र कुणी थांबून सांगत नाही. दुसऱ्या वेळी सैतानसुद्धा शास्त्रातूनच बोलतो. त्याला स्तोत्र एक्याण्णव येतं. तेच, जे आपल्या अर्ध्या घरांत चौकटीत लावलेलं असतं. देवदूत तुला वरच्या वर झेलतील, मग मार की मंदिराच्या टोकावरून उडी. चार शब्द गाळलेत, बाकी वचन बरोबर. तेव्हा वचन तोंडपाठ असणं हा पुरावा असेल, तर त्या परीक्षेत सैतानही पास आहे.

मग येशूचं वेगळं काय? त्याची तिन्ही उत्तरं अनुवाद नावाच्या एकाच पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, म्हणजे जवळजवळ एकाच पानावरची. तिथे मोशे रानात चाळीस वर्षं काढलेल्या लोकांशी बोलतोय. आठवा, तुम्ही कसे उपाशी होता. आठवा, मान्ना कसा मिळाला. आठवा, मस्सा इथे तहानेने व्याकूळ होऊन तुम्ही देव आपल्यात आहे की नाही असं कसं विचारलंत. रानात चाळीस दिवस उपाशी बसलेला माणूस रानात चाळीस वर्षं चाललेल्या आपल्या माणसांच्या आठवणीतून बोलतो. वचनांचा डबा उघडून त्याने मोहाला लागू पडणारं एक शोधलं नाही. तो त्या गोष्टीच्या आतच बसलेला होता.

इथे मला माझी आजी आठवते. तिला अक्षर येत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती नगर जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी सुकडी घेऊन यायची. मराठी बायबलात सैतान येशूला दगडांचा पाव करायला सांगत नाही, भाकर करायला सांगतो. आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा दगड आणि भाकर हे दोन्ही शब्द तिच्या हाताखालून गेलेले असायचे. उपासना संगीतातली गाणी, ईयोब, रूथ, मान्ना सगळं तिला ऐकून ऐकून पाठ. त्यामुळे कुणी मला म्हणालं, की पाठांतराला हसू नकोस, ऐन मोहाच्या क्षणी अख्खा अध्याय कोण उघडतो, तर त्यांचं मला पटतं. ऐन वेळी एकच ओळ हाताशी येते. आजीच्याही एकच यायची. पण तिच्या ओळीला मागे मुळं होती. भावाच्या ओळीमागे फक्त समुद्र होता.

त्याच वचनाचं बघा. त्याच्या बरोबर आधीचं, बारावं वचन काय म्हणतं? आपण भक्कम उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडायला सांभाळावं. हे कुणी वॉलपेपरवर लावत नाही. त्याच्याही आधी पौल त्याच रानातल्या लोकांची गोष्ट सांगतोय, देवाचं सगळं मिळूनही त्यातले बहुतेक कसे कोसळले याची. आणि पौल बोलतोय एका मंडळीशी, अनेकांशी. मूळ ग्रीकमध्ये 'तुम्ही' आहे. इंग्रजीत एकाला आणि शंभरांना शब्द तोच, त्यामुळे ते इंग्रजी चित्र रात्री दोन वाजता एकट्या पोराला वाटतं की हे मला एकट्याला सांगितलंय, माझ्या एकट्याच्या ताकदीबद्दल. मराठी बायबलात सरळ 'तुमच्यावर' आहे. आपल्याच भाषेत वाचलं असतं तर निदान शंका तरी आली असती, की बाकीचे 'तुम्ही' कुठे आहेत? निघायची वाट कदाचित त्यांच्यातूनच जात असेल. ते 'तुम्ही' एकवीस वचनं पाठवून झोपले होते.

(ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्याचं अ‍ॅप बंद पडलं. वाट अशीही निघते. कर्ज मात्र बंद पडलं नाही.)

मराठी बायबलात मोहाला बऱ्याच ठिकाणी 'परीक्षा' म्हटलंय. दहावीच्या मार्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना आम्ही पोरं त्या शब्दाला जरा जास्तच मनापासून जोर द्यायचो. शब्द चुकीचा नाही. ग्रीक शब्दाचेही तसे दोन्ही अर्थ होतात. पण आपल्या मंडळ्यांनी त्या एका पोत्यात तिसरी गोष्टही कोंबली आहे, ती म्हणजे शंका. रमीचा मोह आणि देवाबद्दलचा प्रश्न, दोन्ही सैतानाकडूनच आलेले, दोन्हींना तेच औषध.

आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत अकरा तास गेले होते. मातीच्या दुसऱ्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी मला रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन ऐकवलं, की देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळ्या गोष्टी मिळून भलंच करतात. मी विचारलं, "काकू, यात भलं कुणाचं झालं?" त्या म्हणाल्या, "शंका घेऊ नये बाळा, सैतानाला जागा मिळते." त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझा प्रश्न बंद झाला. मीही बंद झाले, दोन वर्षं चर्चला गेले नाही.

परत आले ती ईयोब वाचून. ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसतात. त्यांनी केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम. मग ते बोलायला लागतात, आणि काय धार्मिक बोलतात! त्यांची कितीतरी वाक्यं कापून सूर्योदयावर लावता येतील. ईयोब मात्र देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. हे शास्त्रातच लिहिलंय. स्तोत्र अठ्ठ्याऐंशी अंधारावर संपतं, त्याला पुढे आशेचं कडवं जोडलेलं नाही. तुरुंगातला बाप्तिस्मा करणारा योहान निरोप पाठवून विचारतो, की येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? ज्याने स्वतः येशूला बाप्तिस्मा दिला तो हे विचारतो. त्याला कुणी सांगत नाही की सैतानाला जागा देऊ नकोस. शंका पळवून लावायला ज्या पुस्तकाची पानं आपण फेकून मारतो, ते पुस्तक शंकांनी भरलेलं आहे.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तरी शंकेला घाबरू नये. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातले. त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर, स्वतःच्या बुद्धीने ठरवायच्या हक्कावर. ती पत्रं छापलेली आहेत, काढून वाचा. याच बाईने पुढे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये गेल्या तोवर तेच काम चालू होतं. वचन म्हणजे गप्प बसायची आज्ञा असं त्यांनी मानलं असतं, तर मूळ भाषा शिकायचे कष्ट घेतले असते का?

भावाला मी एकवीस वचनांची यादी पुसायला लावली नाही. त्यातलं एक निवडून त्याचा सबंध अध्याय वाचू म्हटलं. रोज रात्री साडेदहाला, तो नगरला, मी पुण्यात, फोनवर. काही रात्री आम्ही वाचलंच नाही, नुसते बोललो. तिसऱ्या आठवड्यात त्याने पप्पांना कर्जाचा खरा आकडा सांगितला, आम्हाला आधी सांगितला होता त्याहून चाळीस हजारांनी मोठा. नंतर एका बुधवारच्या प्रार्थनासभेत, साक्षीच्या वेळी, तो उभा राहिला आणि तो आकडा तिथेही सांगितला. विजय मिळाला वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, अजून रात्री बोटं शिवशिवतात.

कुणी आमेन म्हटलं नाही. सभा सुटल्यावर तो गाडी काढत होता तेव्हा मंडळीतले एक काका जवळ आले. पन्नाशीचे, दर रविवारी दानाची पिशवी फिरवणारे. इकडे तिकडे बघून म्हणाले, "माझं मटक्याचं आहे. घरी माहीत नाही." मग दोघं समोरच्या टपरीवर चहाला गेले.